चक्रवाढमीमांसा: मोठ्या टायरांचा लहानसा प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या वालूर गावाला वर्तुळाविषयी बोलण्याचा परंपरागत अधिकार आहे. गावात चक्राकार बारव आहे. पाण्यापर्यंत उतरायला सरळ जिना पुरला असता, पण बांधणाऱ्याने पायऱ्या फिरवत फिरवत खाली नेल्या. घागर भरायला आलेल्या माणसाने आधी भूमितीतून जावं, अशी ही योजना. गाळाने बुजलेली ती बारव गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळीही केली. ज्या गावाने गोल फिरण्यापायी इतका दगड आणि इतका घाम खर्च केला, त्या गावात ट्रॅक्टरचं मागचं चाक ५५ मिलिमीटरने वाढलं तर गिअरचं काय करायचं, या प्रश्नावर आजवर एकही शास्त्रशुद्ध ग्रंथ नसावा, ही मराठी ज्ञानव्यवहारातली मोठीच उणीव होय. ती भरून काढण्याचा हा अल्प यत्न.

प्रथम विषयाची मर्यादा. रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांचं शास्त्र अमेरिकेत फार वाढलेलं आहे. तिकडचा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडकांत गाडी घालतो, ती अडकली की आनंदतो, आणि पुढच्या सुट्टीला आणखी मोठे टायर बसवून आणखी मोठ्या खडकांत जातो. वालूरकरांना हा छंद वेगळा जोपासावा लागत नाही. रस्ता संपतो तिथे काळं रान सुरू होतं, आणि मृगाचे दोन पाऊस झाल्यावर त्या रानात शिरलेली चप्पलही बाहेर काढावी लागते. तेव्हा प्रस्तुत ग्रंथात ‘रस्ता सोडून चालणारं वाहन’ म्हणजे ट्रॅक्टर समजावा. मोटारसायकल आणि जीप यांना शेवटी शेवटी थोडी जागा दिली आहे, ती त्यांचे मालक चिडू नयेत म्हणून.

आता परिभाषा. मागच्या टायरच्या कुशीवर १३.६-२८ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिंगच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. चाकाची बाहेरून बाहेर उंची, म्हणजे ज्या एका गोष्टीवर हा सगळा वाद आहे, ती मात्र कुठेच लिहिलेली नसते. कागदपत्रांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १३.६-२८ नव्या टायरची उंची साधारण १३१० मिलिमीटर भरते आणि त्याच रिंगवर बसणाऱ्या १४.९-२८ची साधारण १३६५. फरक ५५ मिलिमीटर, म्हणजे शेकडा ४.२. या चार टक्क्यांवर वालूरच्या पारावर जेवढं बोललं जातं, तेवढं बँकेच्या बारा टक्क्यांवरही बोललं जात नाही.

टायर का वाढवला, असं विचारलं तर शेतकरी पकडीचं कारण देतो. काळ्या मातीत रुंद टायर कमी रुततो, जास्त धरतो, ट्रॉली ओढताना मागून दम देतो. हे कारण खरं आहे. दुसरं कारण शेजारचा ट्रॅक्टर हे असतं. तेही खरं आहे, पण ते कोणी सांगत नाही, आणि जे कोणी सांगत नाही त्याला शास्त्रात आधार घेता येत नाही.

परीघ काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इथे भास्कराचार्यांची मदत घेऊ, कारण ते आपल्याच बाजूचे. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याचं त्यात नोंदलेलं आहे. अभ्यासक्रमात टायर नव्हते. पण ‘लीलावती’त (११५०) व्यासावरून परीघ काढण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत: सूक्ष्म हिशेबाला ३९२७ भागिले १२५०, आणि स्थूल हिशेबाला २२ भागिले ७. १३६५ मिलिमीटरच्या टायरला स्थूल रीत लावली तर परीघ बरोबर ४२९० येतो, सूक्ष्म रीत लावली तर ४२८८.३. दोन्हींतला फरक पावणेदोन मिलिमीटर. वालूरच्या पांदीत एकदा चिखल लागला की हा फरक मिटतो, आणि धुतल्यावर परत येतो. सूक्ष्म रीतीने जुन्या टायरचा परीघ ४११५.५ भरतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ट्रॅक्टर आता १७ सेंटिमीटर जास्त पुढे जातो, आणि इंजिनाला त्याची वार्ताही नसते.

सुज्ञ वाचक इथे अडवेल. टायर वजनाखाली दबतो, त्यामुळे तो प्रत्यक्षात परिघाएवढा चालत नाही, चार-पाच टक्के कमी चालतो. मान्य. पण जुनाही दबतच होता, आणि दोघं सारखेच दबले तर त्यांच्यातलं प्रमाण बदलत नाही. भांडण प्रमाणाचं आहे.

चाक वाढलं आणि गिअर तेच राहिले, तर दोन गोष्टी एकदम होतात: गाडी त्याच आवाजात जास्त पळते, आणि चाकाच्या टोकाशी मिळणारी ओढ जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी घटते. हे सरळ करायचं असेल तर ‘लीलावती’तलंच त्रैराशिक लावावं. जुन्या गिअरच्या प्रमाणाला नव्या व्यासाने गुणावं, जुन्या व्यासाने भागावं. जो आकडा येईल तेवढं प्रमाण नव्या चाकाला हवं. शास्त्र एवढंच आहे. पुढचा सगळा ग्रंथ, तो आकडा बाजारात मिळत नाही, या विषयावर आहे.

वालूरमध्ये या बाबतीत अनेक मतं प्रचलित आहेत. पहिला पक्ष उदासीनांचा. त्यांचं म्हणणं, चार टक्क्यांनी काय होतंय? नांगरताना मागची चाकं दहा-पंधरा टक्के तशीही जागच्या जागी घसरतात, ते चालतंच ना? नांगरापुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. नवा टायर कमी घसरत असेल तर वेग थोडा आणखी वाढेल, ओढ जड वाटेल, आणि ड्रायव्हर एक गिअर खाली टाकेल. त्यात मीमांसा करण्यासारखं काही नाही.

खरा पेच रोटाव्हेटरपाशी पडतो.

रोटाव्हेटर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यावर, फिरतो. पीटीओचा ठरीव वेग मिनिटाला ५४० फेरे. तिथून पुढे रोटाव्हेटरच्या स्वतःच्या गिअरपेटीतून उतरून त्याचा पात्यांचा दांडा समजा मिनिटाला २०० फेरे घेतो. ट्रॅक्टर ताशी तीन किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला ५० मीटर चालला आहे. एका फेऱ्यात जमीन २५ सेंटिमीटर मागे सरकते. एका पातळीत तीन पाती एकामागून एक जमिनीला लागतात, तेव्हा प्रत्येक पात्याच्या वाट्याला ८.३ सेंटिमीटरचा घास येतो. आता चाक ४.२ टक्क्यांनी वाढवा. पीटीओला टायरचं देणंघेणं नाही. तो ५४०च फिरतो. जमीन मात्र जास्त वेगाने मागे जाते, आणि घास ८.३ सेंटिमीटरवरून पावणेनऊच्या जरा आत येतो. फरक साडेतीन मिलिमीटर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘परभणी मोती’ ज्वारीच्या एका दाण्याएवढा. ढेकूळ एका दाण्याने जाड झालं, असा हा सगळा तंटा आहे.

तो लहान आहे म्हणून सोडून द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हरभरा पेरलेला नसावा.

इथे दुसरा पक्ष पुढे येतो. याला आपण रेसवादी म्हणू. रेसवादी सांगतात, “कामून एवढं डोकं लावायलात? रेस जरा कमी करा, ट्रॅक्टर जुन्याच वेगाने चालंल.” ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं की पारावरचे निम्मे लोक इथेच उठून घरी जातात. पण चाकं आणि पीटीओ दोन्ही एकाच इंजिनाच्या पोटची लेकरं आहेत. रेस कमी केली की चाकं मंदावतात आणि पातीही तेवढीच मंदावतात. एका फेऱ्यात जमीन जेवढी सरकत होती तेवढीच सरकते. घास जाडच राहतो, वर पीटीओ ५४०च्या खाली गेल्यामुळे पात्यांचा जोर कमी होतो. रेसवाद्यांचा उपाय म्हणजे दुखणं तसंच ठेवून काम हळू करणं. काही कचेऱ्यांत ही पद्धत यशस्वी ठरली आहे, रानात नाही.

तिसरा पक्ष हवावाद्यांचा. टायरमधली हवा कमी करा, टायर बसेल, चाक लहान होईल. यात अर्धं तथ्य आहे. हवा कमी केली की आस जमिनीकडे खाली येतो हे डोळ्यांना दिसतं, पण टायरची घेरातली लांबी त्या मानाने फारच थोडी घटते. तो चपटा होऊन चालतो, लहान होऊन नाही. शिवाय चपटा टायर रस्त्यावर ट्रॉली ओढताना कुशीत तापतो आणि चिरतो. चार टक्क्यांसाठी टायर घालवणं हे औषध फार महाग.

चौथा पक्ष गिअर खाली टाकणाऱ्यांचा. हा प्रमाणाला हात घालतो म्हणून तात्त्विकदृष्ट्या शुद्ध आहे, कारण पीटीओ तसाच ठेवून फक्त चाकं मंद होतात. पण ट्रॅक्टरच्या दोन शेजारच्या गिअरांत साधारण तीस-चाळीस टक्क्यांचं अंतर असतं. माती पिठासारखी होते, तास वाढतात, डिझेल वाढतं, आणि भाड्याने रोटाव्हेटर मारणाऱ्याचा दिवसाचा एकर कमी होतो. एकरी भाव ठरलेला असताना कोणताही ट्रॅक्टरवाला तात्त्विक शुद्धतेसाठी एकर सोडेल, असं मानायला आधार नाही.

राहिली रोटाव्हेटरची गिअरपेटी. काही रोटाव्हेटरांना मागचं झाकण उघडून गिअरांची जोडी बदलण्याची सोय असते. समजा तिथे १७ आणि १८ दात्यांची जोडी आहे. तिची जागा उलटी केली, वरची खाली आणि खालची वर, की पात्यांचा वेग साधारण १२ टक्क्यांनी बदलतो. ही त्या पेटीतली सगळ्यांत लहान पायरी. दुखणं चार टक्क्यांचं, औषधाची सर्वांत लहान पुडी बारा टक्क्यांची. पाती आता गरजेपेक्षा साधारण आठ टक्के जास्त वेगाने फिरतील आणि लवकर झिजतील. मधला आकडा दात्यांत बसत नाही, कारण दाता अर्धा करता येत नाही. विश्वाची रचना इथे शेतकऱ्याच्या बाजूची नाही.

शुद्ध उपाय म्हणजे मागचं हाउसिंग उघडून क्राऊन-पिनियन किंवा बुल गिअर नव्या प्रमाणाचे घालणं. परदेशी जीपवाले हेच करतात. वालूरला कोणी केलेलं नाही आणि करूही नये. ढेकळाच्या साडेतीन मिलिमीटरसाठी ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभा करणारा माणूस पेरणीच्या हंगामात घरी परत घेतला जाणार नाही.

इथवर ग्रंथ निराशेकडे झुकला होता. त्याला वाट दाखवली ती मेस्त्र्यांच्या परंपरेने. मराठवाड्यातल्या कोणत्याही गॅरेजात हा संवाद घडू शकतो. मालक म्हणतो, “चाचा, मोठे टायर टाकले तवापून ढेकळं फुटंनात बघा. चार टक्क्यांचा फरक म्हणत होता दुकानदार, मला तर लईच जास्त वाटायलाय.” चाचा वर न बघता विचारतात, “आधीचे किती घासले होते?”

या एका प्रश्नात सगळी मीमांसा आहे. नव्या मागच्या टायरचे कंगोरे तीनेक सेंटिमीटर उंच असतात. जुने टायर मालकाने शेवटच्या सुतापर्यंत वापरलेले असणार, हे सांगायला मेस्त्री लागत नाही. कंगोरे अडीच सेंटिमीटर झिजले म्हणजे व्यास पाच सेंटिमीटरने घटला. म्हणजे काढलेला टायर नावाने १३.६ असला तरी उंचीने १२६० मिलिमीटर उरला होता, जेवढी नव्या कोऱ्या १२.४-२८ची असते. आणि त्याजागी बसला नवाकोरा १३६५. वाढ चारची नाही, सव्वाआठ टक्क्यांची. घास आता सात मिलिमीटरने जाड. ज्वारीचे दोन दाणे. मालकाचं मन खोटं बोलत नव्हतं. त्याची तुलना तेवढी चुकत होती. त्याला वाटत होतं त्याने टायर एका मापाने वाढवला. खरं तर गेली काही वर्षं त्याचं चाक रोज लहान होत होतं, माती आपोआप बारीक होत चालली होती, आणि ते श्रेय तो रोटाव्हेटरच्या कंपनीला देत होता.

यातून जो सिद्धान्त निघतो तो मला तरी अपूर्व वाटतो. १४.९चा टायर २७.५ मिलिमीटर झिजला की तो उंचीने बरोबर नव्या १३.६एवढा होतो. म्हणजे गिअर न बदलता प्रमाण मूळ जागी येण्याचा एक मार्ग निसर्गानेच ठेवलेला आहे: टायर वापरणं. फक्त त्या दिवशी पकड संपलेली असते, आणि मालक नव्या टायरचा भाव विचारायला सेलूला गेलेला असतो.

चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना मात्र ही सबुरी लागू नाही. तिथे पुढची चाकं लहान असली तरी गिअरांनी त्यांना मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के पुढे धावायला लावलेलं असतं, म्हणजे पुढचे ओढतात आणि मागचे ढकलतात. समजा ही आघाडी तीन टक्क्यांची आहे. मालकाने फक्त मागचे टायर ४.२ टक्क्यांनी वाढवले. आता पुढचे टक्क्याहून थोडे जास्त मागे पडले. ते ओढत नाहीत, मागच्यांकडून रेटले जातात आणि स्वतः ब्रेकसारखे वागतात. पुढाऱ्याने मागून ढकलून घेत चालावं हे आपल्याकडे नवं नाही, पण ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याचा पीळ शाफ्टांत आणि दात्यांत भरतो, पुढचे टायर हकनाक झिजतात, आणि डांबरी रस्त्यावर पुढचा जोर चालू ठेवलेला असेल तर कुठलातरी दाता एक दिवस उत्तर देतो. इथे पुढचे-मागचे जोडीनेच बदलावेत. यावर पारावर चर्चा नको.

मोटारसायकलवाल्यांचा प्रश्न सोपा आहे आणि म्हणूनच ते तो अवघड करतात. मागे २.७५-१८ काढून ३.००-१८ घातला की उंची कागदावर साडेतेवीस इंचांवरून चोवीस होते, वाढ २.१ टक्के. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते असतील तर ४३ दात्यांचं घालावं. २.४ टक्के भरपाई. पाव टक्का जास्तीची, ती बायकोला मागे बसवताना कामी येते. ट्रॅक्टरला जे सुख परमेश्वराने दिलं नाही ते चेनच्या गाडीला दिलं: तिचा एकच दाता वाढवता येतो. पण आपले लोक पुढचं छोटं स्प्रॉकेट चौदाचं तेरा करतात, कारण ते स्वस्त पडतं. तो बदल साडेसात टक्क्यांच्या वर जातो, आणि मग गाडी किंचाळते म्हणून तेलाला दोष दिला जातो. मागचा टायर मोठा केल्याने मीटर खोटं दाखवतं, हा समज केबलच्या मीटरपुरता तरी सहसा निराधार. ते सहसा पुढच्या चाकावर चालतं. पुढचा टायर वाढवलात तर मीटर ६० दाखवताना गाडी ६१च्या थोडी वर असेल.

जीपविषयी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या आसाचं प्रमाण ४.८८, म्हणजे ३९ दाते ८ दात्यांवर. पुढे महिंद्राने जी सीजे-३बी बनवली तिचं ५.३८, म्हणजे ४३ दाते ८ दात्यांवर. या दोन आकड्यांत दहा टक्क्यांचं अंतर आहे. म्हणजे ४.८८च्या जीपला २८ इंची चाक काढून जवळजवळ ३१ इंची घालायचं असेल तर ५.३८चा क्राऊन-पिनियन तिचं मूळ बळ परत देतो. त्रैराशिक एवढं चपखल बसलेलं पाहून मला काही वेळ बरं वाटलं. हल्ली मोठ्या टायरांच्या नव्या जीप येतात त्यांचा बहुतेक चढ गतिरोधकांचा असल्यामुळे त्यांना गिअरची चिंता करण्याचं कारण नाही. कायद्याची करावी. मोटार वाहन अधिनियम १९८८चं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि ते परभणीच्या एमएच-२२ पाटीलाही लागू आहे.

निर्णय असा. मागची दोनच चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरने एका मापाने मोठे टायर घातले तर गिअरला हात लावू नये. ढेकळं जाड वाटली तर हरभऱ्याच्या रानात एक पाळी जास्त मारावी आणि टायर झिजण्याची वाट पाहावी. दोन मापांनी वाढवले असतील तर रोटाव्हेटरची जोडी बदलून बघावी. आणि वाचकांना एक विनंती. जुने टायर काढण्याआधी, तुमच्याच रानात, रोटाव्हेटर लावून पण पाती वर उचलून, मागच्या चाकावर खडूची खूण करा, दहा फेरे ट्रॅक्टर चालवा आणि तो किती मीटर गेला ते टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. नवे टायर बसल्यावर हेच पुन्हा करा. टायर एकदा भंगारवाल्याने उचलले की हे माप कुणालाच घेता येत नाही.